पहाटे अडकणारं बिनक्लॉकचं सर्किट: निफाडच्या थंडीत सापडलेला दोष

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. नोड (म्हणजे शेतात लावलेला, सेन्सर आणि रेडिओ असलेला छोटा डबा) रात्री नीट चालतो, पहाटे चार-साडेपाचच्या दरम्यान इव्हेंट (काही घडल्याच्या नोंदी) यायचे बंद होतात, पण दर तासाचं हार्टबीट ('मी चालू आहे' एवढाच निरोप) मात्र येत राहतं, म्हणजे लांबून बघणाऱ्याला नोड जिवंत दिसतो. ऊन आलं तरी आपोआप सुरू होत नाही, रिसेट दिला की लगेच चालतो आणि दिवसभर काही तक्रार नाही. पुन्हा थंडी पडली की पुन्हा तेच. टेबलावर आणला की महिनाभर चालवा, काही होत नाही.

माझे चार नोड निफाडच्या बाजूला एका काकांच्या द्राक्षबागेत आहेत. पान किती तास ओलं राहिलं यावर डाउनीचा (केवडा रोगाचा) धोका ठरतो, त्यामुळे पानाच्या ओलाव्याचा सेन्सर आणि पाऊस मोजायची टिपिंग बकेट, एवढंच त्यात आहे. सेन्सर कायम जागा लागतो, पण घडत तर फारसं काही नाही, म्हणून कायम जागा राहणारा भाग मी क्लॉकशिवाय केला, म्हणजे सगळ्यांना एका ठेक्यात चालवणारा सिग्नलच नाही. असिंक्रोनस, हँडशेकवर चालणारा: एक टप्पा रिक्वेस्ट देतो ('घे'), पुढचा ॲक देतो ('मिळालं'). काही घडलं तरच गेट हलणार, नाहीतर सगळं स्तब्ध, फक्त लीकेज, म्हणजे न हलणाऱ्या गेटमधूनही झिरपणारा करंट. इव्हेंट चार टप्प्यांच्या छोट्या पाइपलाइनमधून जातो, शेवटच्या टप्प्याची रिक्वेस्ट मायक्रोकंट्रोलरला उठवते, तो कोड वाचतो, वेळेची नोंद करतो, ॲक देतो आणि परत झोपतो. इव्हेंटचा कोड दोन बिटचा: ०१ म्हणजे पान ओलं झालं, १० म्हणजे सुकलं, ११ म्हणजे बकेट उलटली म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस, आणि ०० वापरातच नाही. कायम जागा राहणारा भाग सीआर२०३२ सेलवर, नॅनोपॉवर बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणारी, स्वतः फार कमी वीज खाणारी चिप) ०.९ व्होल्ट करून. रेडिओला वेगळा सेल. लॉजिकचे गेट सगळे ७४एयूपी या चिप-फॅमिलीचे, कारण ती ०.८ व्होल्टपासून चालते.

डिसेंबरात काकांचा सकाळी सहाला फोन. "ताई, पानं ओलीचिंब आहेत आणि तुमचं मशीन कोरडं दाखवतंय." मी गाडी काढून चांदोरीमार्गे गेले, रिसेट दिला, चालू झालं, परत आले. तिसऱ्या दिवशी तेच, आणि यावेळी दुसरा नोड. तेव्हा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा रोज पेपरात येत होता, बागेत शेकोट्या पेटत होत्या मणी तडकू नयेत म्हणून, आणि मी मात्र सेल बदलत बसले होते. सेल बदलला, अँटेना बदलली, फर्मवेअरमध्ये वॉचडॉग, म्हणजे कंट्रोलर अडकला तर त्याला रिसेट करणारा टायमर, टाकला (वॉचडॉगचा उपयोग शून्य, कारण कंट्रोलर अडकलेलाच नव्हता, तो तर बिचारा दर तासाला उठून हार्टबीट पाठवत होता). या सगळ्यात दोन आठवडे गेले.

खरा धागा काकांनीच दिला. म्हणाले, "ताई, मशीन बंद पडायच्या आधी थोडा पाऊस दाखवतं. पाऊस कुठं पडला? आभाळ तर स्वच्छ होतं." मी लॉग काढला. खरंच होतं. प्रत्येक वेळी अडकण्याआधीच्या तासाभरात कुठेतरी एक ११ आला होता, कोरड्या पहाटे ०.२ मिलिमीटर पाऊस. बकेट हलली नाही तर ११ येणार कुठून? ०१ जाऊन १० येताना, किंवा १० जाऊन ०१ येताना, मधल्या क्षणी दोन्ही बिट १ असतील किंवा दोन्ही ० असतील आणि नेमकं तेव्हाच लॅचने (बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटने) पकडलं, तरच. म्हणजे डेटा पोचायच्या आधी रिक्वेस्ट पोचत होती. आणि जेव्हा ११ ऐवजी ०० पकडला जायचा तेव्हा माझं फर्मवेअर म्हणायचं हा कोड वैध नाही, सोडून द्या, आणि सोडून देताना ॲकही द्यायचं नाही. ॲक नाही म्हणजे शेवटचा टप्पा रिकामा होणार नाही, मागचे तीन टप्पे भरणार, आणि मग सगळी पाइपलाइन गच्च. दुसरे इव्हेंट येऊच शकत नाहीत.

इथे थोडं थांबून सांगते, कारण असिंक्रोनस सर्किट दुरुस्त करताना ही गोष्ट सगळ्यात जास्त कामी येते. चुकीचा डेटा येणं आणि सर्किट अडकणं हे दोन वेगळे आजार आहेत. चुकीचा डेटा म्हणजे तुम्ही कुठेतरी वेळेचं गृहीतक धरलंय आणि ते मोडलंय. अडकणं म्हणजे कुठलं तरी एक ट्रान्झिशन (सिग्नलचं वर किंवा खाली जाणं) हरवलंय, किंवा जास्तीचं आलंय, किंवा कोणीतरी उत्तरच देत नाहीये. माझ्याकडे पहिल्यातून दुसरं झालं म्हणून मी फसले, मी अडकण्याच्याच मागे लागले आणि त्या एकट्या ११ कडे बघितलंच नाही.

आणि अडकलेलं असिंक्रोनस सर्किट ही खरं तर दुरुस्ती करणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. क्लॉकवालं सर्किट चूक झाल्यावरही पुढे पळत राहतं, पुरावा पुसला जातो. हे जिथे चुकलं तिथेच उभं राहतं, तासन् तास, तुम्ही साधा मल्टिमीटर घेऊन जाऊ शकता. फोर-फेज हँडशेक (रिक्वेस्ट वर, ॲक वर, रिक्वेस्ट खाली, ॲक खाली) असेल तर प्रत्येक टप्प्याची रिक्वेस्ट आणि ॲक मोजा. रिक्वेस्ट वर, ॲक खाली असेल तर पुढचा टप्पा घ्यायला तयार नाही, त्याच्या पुढे बघा. दोन्ही वर असतील तर ॲक मागच्याला पोचलेला नाही किंवा पोचूनही तो रिक्वेस्ट खाली घेत नाहीये. रिक्वेस्ट खाली आणि ॲक वर असेल तर शून्याला परतायची फेरी अर्धवट राहिलीय, बहुतेक वेळा पुढच्या सी-एलिमेंटचं (सगळे इनपुट जुळेपर्यंत आउटपुट न बदलणारा गेट) एक इनपुट अडकलेलं सापडतं. दोन्ही खाली असतील आणि तरी इव्हेंट नाही तर तो इथपर्यंत आलाच नाही, मागे जा. या चार अवस्थांवरून मी पाच मिनिटांत शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचले, रिक्वेस्ट वर, ॲक खाली, आणि ॲक देणारा होता कंट्रोलर. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर सेल बदलायची वेळ आली नसती. फक्त रिसेट द्यायच्या आधी मोजा, रिसेट दिला की पुरावा गेला.

आता प्रश्न हा की रिक्वेस्ट लवकर का पोचत होती. माझी पद्धत बंडल्ड डेटाची, म्हणजे डेटाच्या तारा साध्या, आणि सोबतच्या रिक्वेस्टच्या तारेत मुद्दाम उशीर घालायचा, डेटाला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडा जास्त. हा उशीर मी रेझिस्टर, कपॅसिटर आणि श्मिट इनपुटच्या गेटने (हळू चढणारा सिग्नल ठरावीक पातळीला स्वच्छ पलटवणारा) केला होता. टेबलावर मोजलं तेव्हा डेटाला साधारण ११५ नॅनोसेकंद लागत होते आणि रिक्वेस्टला १५०, म्हणजे तीस टक्के मार्जिन, मला ते पुरेसं वाटलं. या आरसीचा (रेझिस्टर-कपॅसिटरचा) डिले तापमानाने फारसा हलत नाही, चांगला सीझिरोजी कपॅसिटर घेतला होता, आणि श्मिटचे थ्रेशोल्ड (पलटण्याच्या पातळ्या) सप्लायच्या प्रमाणात असल्यामुळे व्होल्टेजनेही फारसा हलत नाही. हे मला तेव्हा गुण वाटले होते. खरा दोष तोच होता.

कारण लॉजिक हलतं. आणि कमी व्होल्टेजला ते आपल्या सवयीच्या उलट दिशेने हलतं. ट्रान्झिस्टर थंड झाला की दोन गोष्टी होतात, एक म्हणजे मोबिलिटी (आतल्या विद्युतकणांची हलण्याची सहजता) सुधारते, त्याने तो जलद होतो, आणि दुसरी म्हणजे थ्रेशोल्ड व्होल्टेज (ज्याला ट्रान्झिस्टर चालू होतो) वाढतं, ढोबळमानाने दर अंशाला एक ते दोन मिलिव्होल्ट, त्याने तो हळू होतो. ३.३ किंवा ५ व्होल्टला सप्लाय थ्रेशोल्डच्या खूप वर असतो म्हणून मोबिलिटी जिंकते आणि आपण सगळे शिकतो की गरम झालं की सर्किट हळू होतं. सप्लाय खाली आणत थ्रेशोल्डच्या जवळ गेलात की उलटं होतं, थंडीत सर्किट हळू. याला टेंपरेचर इनव्हर्जन म्हणतात. थ्रेशोल्डच्या खाली, सबथ्रेशोल्डमध्ये गेलात तर करंट घातांकाने बदलतो, तीस अंशांचा फरक पडला की थ्रेशोल्ड तीस ते साठ मिलिव्होल्टने हलतं, आणि तेवढ्याने वेग दुपटीपासून पाचपटीपर्यंत कमी होऊ शकतो. माझं ०.९ व्होल्ट त्या टोकाचं नव्हतं, जवळचं होतं. ५ अंशांना मला डेटाचा रस्ता साधारण वीस टक्के हळू मिळाला.

वीस टक्के म्हणजे ११५ चे १३८. अजून १५० च्या आतच. मग चूक कशी होते?

इथे मी आठवडाभर अडकले. घरच्या फ्रिजमध्ये बोर्ड ठेवला, दव धरू नये म्हणून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आठ तास चालवला, एकदाही चुकला नाही. मला वाटलं थंडीचा संबंधच नाही. मग माझ्याकडे इंटर्नशिप करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, बागेत सिलिका जेल नसतं ना." एवढंच. पुड्या काढल्या, ओला रुमाल ठेवला, आणि वीस मिनिटांत पहिला ११ आला.

बाकीचं मग पटापट उलगडलं. ओल धरल्यावर ०.९ ची रेल (गेटना वीज देणारी लाइन) मोजली तर ०.८३. बक कन्व्हर्टरचा आउटपुट दोन रेझिस्टरच्या डिव्हायडरने ठरतो, आणि वीज वाचवायची म्हणून मी वरचा रेझिस्टर १० मेगओहमचा घेतला होता. १० मेगओहमच्या शेजारी सोल्डरिंगचा राहिलेला फ्लक्स, त्यावर दव, की पीसीबीचा पृष्ठभागच एक रेझिस्टर होतो. माझ्या कन्व्हर्टरचा रेफरन्स ०.४ व्होल्ट, गुणोत्तर २.२५, आता वरच्याला समांतर ६० मेगओहमची गळती धरा, १० चे साधारण ८.६ होतात, आणि आउटपुट ०.८३ वर येतो. हिशेब मोजमापाशी जुळला तेव्हा मला रात्री झोप लागली. (तो डिव्हायडरचा नोड मीटर लावून मोजायला जाऊ नका, मीटरच १० मेगओहमचा असतो, तो स्वतः रेल हलवतो. आउटपुट मोजा.)

७४एयूपीच्या डेटाशीटमध्ये ०.८ व्होल्टच्या ओळीत डिलेचा फक्त टिपिकल आकडा असतो, कमालीच्या रकान्यात डॅश. तो डॅश मी गांभीर्याने घ्यायला हवा होता. या भागात व्होल्टेज किंचित घसरलं तरी डिले झपाट्याने वाढतो, ०.९ वरून ०.८३ म्हणजे माझ्या बोर्डवर साधारण ३५ टक्के. आता ११५ गुणिले १.२ गुणिले १.३५, झाले १८६ नॅनोसेकंद. रिक्वेस्ट मात्र तिथेच, १५० वर, इमानदारीत. थंडी एकटीने केलं नसतं, ओलीने एकटीने केलं तर काठावर, दोघी एकत्र आल्या की हमखास. आणि पहाटे पाचला निफाडला दोघी रोज एकत्र येतात.

म्हणून बंडल्ड डेटा वापरणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते की उशीर करणारी साखळी ही डेटाच्या रस्त्यावरचे जे गेट आहेत त्याच गेटची करा, त्याच फॅमिलीची, त्याच रेलवर, शक्यतो त्याच पॅकेजमधली, आणि जवळ. डेटा आजारी पडला की रिक्वेस्टनेही तेवढंच आजारी पडलं पाहिजे. चिप डिझाइन करणारे हेच करतात, वर दीडपट-दुप्पट मार्जिनही ठेवतात, कारण थ्रेशोल्डच्या जवळ एकाच चिपवरचे दोन ट्रान्झिस्टरही सारखे नसतात. साखळी लांब झाली की शून्याला परतायलाही तेवढाच वेळ जातो, ते टाळायला प्रत्येक गेटला मूळ रिक्वेस्टची तार द्या, म्हणजे ॲंड गेटची साखळी, चढताना एकेक पायरी, उतरताना सगळे एकदम. मी आठ ॲंड गेट लावले. ०.९ व्होल्टला टेबलावर ही साखळी २०० नॅनोसेकंद दाखवते, ओल्या थंडीत ३२० च्या आसपास, आणि दोन्हीकडे डेटा तिच्या बराच आधी पोचलेला असतो.

दुसरा रस्ता ड्युअल-रेलचा. प्रत्येक बिटला दोन तारा, एक वर गेली तर १, दुसरी वर गेली तर ०, दोन्ही खाली म्हणजे अजून आलंच नाही. मग डेटा आला का हे डेटाच सांगतो, वेळेचा अंदाज धरावाच लागत नाही. प्रत्येक बिटच्या दोन तारांचं ऑर करायचं, सगळ्या ऑरचं सी-एलिमेंटने एकत्र करायचं, झालं कम्प्लिशन डिटेक्शन. तारा दुप्पट आणि गेट दुपटीच्या वर, म्हणून लोक टाळतात. पण माझ्यासारखे दोनच बिट असतील तर टाळायचं काही कारण नाही, मी नवीन बोर्डवर ड्युअल-रेलच घेतलंय. थंडीत ते फक्त हळू होईल, चुकणार नाही. सोळा-बत्तीस बिटचा डेटा असेल तर मी अजूनही बंडल्डच घेईन.

ड्युअल-रेल म्हणजे सगळ्या गृहीतकांतून सुटका असंही समजू नका. संगणकशास्त्रज्ञ अलेन मार्टिन यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की कुठलाच उशीर गृहीत न धरता साध्या गेटांनी जे करता येतं ते फारच थोडं आहे. म्हणून आपण सगळे एक तडजोड करतो, एका तारेच्या दोन फांद्या झाल्या तर दोन्हीकडे सिग्नल जवळपास एकाच वेळी पोचतो असं धरतो, त्याला आयसोक्रोनिक फोर्क म्हणतात. चिपवर हे बऱ्यापैकी खरं असतं. पीसीबीवर एक फांदी दोन मिलिमीटरची आणि दुसरी कनेक्टरला वळसा घालून गेली तर खरं राहत नाही.

याचाच फटका मला सी-एलिमेंटमध्ये बसला, वेगळ्या एका बोर्डवर. सी-एलिमेंट म्हणजे डेव्हिड म्युलर यांनी १९५० च्या दशकात मांडलेला गेट, दोन्ही इनपुट १ झाले की आउटपुट १, दोन्ही ० झाले की ०, एरवी जुनंच धरून ठेवायचं. सुट्या गेटांनी करायचा तर बहुमताचा गेट करून आउटपुट परत तिसऱ्या इनपुटला जोडतात. यात धोका असा की दोन्ही इनपुट १ झाले, आउटपुट १ झाला, पण तो फिरून परत आत पोचायच्या आधीच एक इनपुट खाली गेला, तर आउटपुट क्षणभर खाली डोकावतो. ते डोकावणं म्हणजे पुढच्या टप्प्याला जास्तीचं ट्रान्झिशन, आणि मग टोकनचा (पाइपलाइनमधल्या इव्हेंटचा) हिशेब कायमचा बिघडतो. माझी फीडबॅकची तार टेस्ट पॅडला जाऊन परत येत होती, मोजायला सोपं पडावं म्हणून, आणि प्रोब लावला की त्याची कपॅसिटन्स अजून वर. मोजायला गेलं की बिघडतं, प्रोब काढला की बरं होतं. फीडबॅक कायम सगळ्यात आखूड ठेवा आणि त्यावर टेस्ट पॅड नको. आउटपुट बघायचा तर पुढे एक बफर लावून त्या बफरच्या आउटपुटला बघा.

आता विजेच्या हिशेबाकडे येते, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे. मी ०.९ व्होल्ट का घेतलं? कारण गेट हलायची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, १.८ वरून ०.९ केलं की चौथाई. हे खरं आहे. पण कशाची चौथाई हे मी मोजलंच नव्हतं. एका इव्हेंटमागे सगळे गेट आणि तारा मिळून एक नॅनोफॅराड हलते असं सढळ हाताने धरा. १.८ व्होल्टला एका इव्हेंटचे ३.२४ नॅनोज्यूल. बागेत कितीही पाऊस पडला तरी दिवसाचे दोन हजार इव्हेंट खूप झाले. दिवसाचे साडेसहा मायक्रोज्यूल. ०.९ ला तेच १.६ मायक्रोज्यूल, म्हणजे वाचले पाच मायक्रोज्यूलपेक्षा कमी. आणि दुसरीकडे, ३ व्होल्टच्या सेलमधून एक मायक्रोअँप कायम वाहत असेल, कम्पॅरेटरमधून (सेन्सरचं व्होल्टेज तपासणारी चिप) म्हणा, पुल-अपमधून (तार वर धरून ठेवणारा रेझिस्टर) म्हणा, तर दिवसाला ०.२६ ज्यूल. पन्नास हजार पट! २२० मिलिअँप-तासांच्या सेलमध्ये एकूण साधारण २,४०० ज्यूल असतात, त्यात पाच मायक्रोज्यूलची बचत कुठे दिसणार? मी सर्किट थ्रेशोल्डच्या काठावर नेऊन ठेवलं आणि बदल्यात मला काहीच मिळालं नाही.

सतत आकडेमोड करणारी चिप असेल, कानातलं मशीन म्हणा किंवा सतत ऐकत राहणारा सेन्सर, तिथे व्होल्टेज खाली नेण्याला अर्थ आहे. तिथेही एक मर्यादा आहेच, खाली जावं तसं एक काम पूर्ण व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ लीकेज चालू राहतं, त्यामुळे एका व्होल्टेजच्या खाली गेलं की एका कामाची ऊर्जा परत वाढायला लागते. पण सुट्या गेटच्या, क्वचितच जाग्या होणाऱ्या नोडला असिंक्रोनसचा फायदा हा की काही घडत नसताना काहीही हलत नाही. तो फायदा १.२ ला किंवा १.८ लाही तेवढाच मिळतो. मी १.२ व्होल्ट घेतलं, एवढ्यानेच थंडीचा परिणाम मोजायला कठीण जाईल इतका कमी झाला. वीज वाचवायची तर कम्पॅरेटर बदला, पुल-अप बघा, बोर्डची गळती बघा.

जुन्या चार बोर्डांवर केलेली दुरुस्ती अशी. रेल १.२ व्होल्ट. डिव्हायडरचे रेझिस्टर दहापट कमी केले, त्याने पाऊण-एक मायक्रोअँप वाढला, तो मी मान्य केला. नवीन बोर्डवर मात्र ठरावीक आउटपुटचा कन्व्हर्टर घेतलाय, ज्याचा डिव्हायडर चिपच्या आत असतो, तिथे दव पोचत नाही. आरसी काढून गेटची साखळी. फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रशने घासून दोनदा धुतला, एकदा धुतल्यावर पांढरा थर राहतो, तोही ओल ओढतो, मग वाळवून कोटिंग. फर्मवेअरमध्ये ०० आला तरी ॲक द्यायचाच, आणि एक काउंटर वाढवायचा, तो काउंटर हार्टबीटसोबत पाठवायचा. हँडशेकमध्ये कोणीही उत्तर न देता गप्प बसायचं नाही, डेटा कितीही खराब असो.

रिसेटही बदलला. सी-एलिमेंट सुरू होताना कुठल्याही अवस्थेत उठू शकतो, आणि नॅनोपॉवर कन्व्हर्टरची रेल हळूहळू चढते, मधल्या काळात अर्धे गेट जागे आणि अर्धे झोपलेले असतात. म्हणून प्रत्येक टप्प्याला रिसेट हवा, रेल पूर्ण चढल्याचं सुपरवायझर (व्होल्टेजवर नजर ठेवणारी चिप) सांगेपर्यंत तो धरून ठेवायचा, आणि सोडताना सगळ्या रिक्वेस्ट-ॲक खाली आहेत याची खात्री. सेल बदलल्यानंतर कधी चालतो, कधी नाही, असं तुमच्याकडे होत असेल तर आधी इथेच बघा.

बकेटच्या रीड स्विचबद्दल थोडं. क्लॉकवालं सर्किट सॅंपल घेतं म्हणून स्विचचं बाउन्स बऱ्याचदा लपून जातं. असिंक्रोनस सर्किट प्रत्येक एज खरी मानतं, एका टिपचे पाच होतात. तिथे दहा मिलिसेकंदांचा आरसी आणि श्मिट लावा, आणि तिथे आरसी चालतो, कारण तो लोहचुंबकाच्या हलण्याशी स्पर्धा करतोय, गेटच्या वेगाशी नाही. ओलावा आणि बकेट दोन्हीकडून एकदम इव्हेंट आले तर कोण आधी हे ठरवायला आर्बिटर लागतोच, दोन नॅंड आणि पुढे मेटास्टॅबिलिटीचा (निर्णय मध्येच लटकण्याचा) फिल्टर. मेटास्टॅबिलिटी टाळता येत नाही, पण इथे कोणी घड्याळ लावून बसलेलं नाही, निर्णय व्हायला वेळ लागला तर बाकीचे थांबतात. कमी व्होल्टेजला तो निर्णय बराच हळू होतो, ही १.२ वर जायची अजून एक बाजू. कंट्रोलरच्या बाजूला मात्र क्लॉक आहे, तिथे दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर (बाहेरचा सिग्नल क्लॉकशी जुळवून घेणारा) सोडू नका.

टेस्ट कशी घ्यायची तेही लिहून ठेवते. फ्रिज, ओला रुमाल, स्वतःचा सेल आणि स्वतःचा कन्व्हर्टर, बाहेरचा पॉवर सप्लाय अजिबात नाही. रेल मुद्दाम दहा टक्के खाली करून एकदा, वर करून एकदा. इव्हेंट एकेक नाही, सलग भडिमार, पाइपलाइन पूर्ण भरेल आणि पूर्ण रिकामी होईल असा. आत किती गेले आणि बाहेर किती आले ते मोजा, एकही कमी-जास्त नको. मग तोच बोर्ड दुपारी गच्चीवर काळ्या डब्यात, कारण नाशिकला एप्रिलही आहे, आणि उन्हात लीकेज वाढतं ते वेगळं.

दुरुस्त केलेले चारही बोर्ड जानेवारीत परत बागेत लावले. त्यानंतर थंडीच्या दोन लाटा येऊन गेल्या, ०० चा काउंटर चारही नोडवर शून्य आहे, कोरड्या पहाटेचा पाऊसही गेला. फक्त विहिरीकडचा नोड पान सुकल्यावरही तासभर ओलं दाखवतो असं काका म्हणतात. सेन्सरच्या कनेक्टरजवळचं कोटिंग तिथे सुटलेलं मी फोटोत बघितलंय, म्हणजे कनेक्टरच्या पिनांमधली ओल सेन्सरची ओल म्हणून मोजली जातेय. रविवारी जाऊन ते खरवडून, धुऊन, परत लावणार आहे.